पुण्यातल्या स्वयंचलित प्रणालींची खुली नोंदवही: कामाच्या नोंदी

८ डिसेंबर २०२५

काम असे: पुण्यात सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या ज्या प्रणालीत संगणक माणसाबद्दल, वाहनाबद्दल किंवा मिळकतीबद्दल काही ठरवतो, सुचवतो किंवा क्रम लावतो, तिची एक ओळ. सगळ्या ओळी एका सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत), शेजारी मूळ कागद, आणि दोन्ही कोणालाही उतरवून घेता येतील असे. नाशिक, सोलापूर किंवा कोल्हापुरात कोणी हेच करणार असेल तर त्याच्या उपयोगाचे तेवढेच इथे लिहीत आहोत.

नमुना म्हणून अ‍ॅमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी सप्टेंबर २०२० मध्ये काढलेल्या एआय नोंदवह्या आणि ब्रिटन सरकारचा २०२१ चा अल्गोरिदम पारदर्शकता नमुना समोर ठेवला. रकाने चांगले आहेत, पण जसेच्या तसे चालत नाहीत. तिथे नोंद भरते ती प्रणाली चालवणारी संस्था. इथे नोंद बाहेरून, मिळेल त्या कागदावरून भरायची आहे. त्यामुळे रिकाम्या रकान्याचा अर्थ काय, हा प्रश्न पहिल्याच ओळीला आला. ‘अचूकता चाचणी’ रिकामी दिसली की वाचणारा समजतो चाचणी झालीच नाही. प्रत्यक्षात कोणी मागितलेलीच नसते.

म्हणून रिकामा रकाना बंद. त्याऐवजी चार खुणा: ‘मागितले नाही’, ‘मागितले, उत्तर नाही’, ‘नाकारले’ (सोबत कलम), ‘कागद पाहिला, त्यात उल्लेख नाही’. चौथी खूण लावायची तर कोणता कागद पाहिला ते लिहावेच लागते.

रकाने शेवटी असे ठरले: प्रणाली, चालवणारे कार्यालय, काम, कोणावर परिणाम, आत जाणारा डेटा, निर्णय कोणाचा, पुरवठादार, निविदा क्रमांक, कार्यादेशाची (काम सुरू करण्याच्या आदेशाची) तारीख व मुदत, रक्कम, अचूकतेची अट, चुकीबद्दल दाद कुठे, स्रोत फाइल, पान क्रमांक, पाहिल्याची तारीख. ‘निर्णय कोणाचा’ यात तीनच पर्याय: यंत्र ठरवते, यंत्र सुचवते व माणूस मंजूर करतो, यंत्र फक्त मोजते. ‘एआय आहे का’ असा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. त्यावर वाद घालण्यात आठवडे जातात आणि हाती काही लागत नाही.

१५ डिसेंबर २०२५

निविदा शोधायला सुरुवात. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ टाकून शोधले तर फार थोडे सापडते, आणि सापडते त्यात निम्मी जाहिरातबाजी. कामाचे शब्द वेगळे आहेत: व्हिडिओ अ‍ॅनालिटिक्स (चित्रफितीचे संगणकीय विश्लेषण), एएनपीआर (कॅमेऱ्याने वाहन क्रमांक वाचणे), अ‍ॅडाप्टिव्ह सिग्नल (वाहतुकीप्रमाणे वेळ बदलणारा), चेहरा पडताळणीची हजेरी, चॅटबॉट, जीआयएस (संगणकीय नकाशावरचे) मिळकत सर्वेक्षण, ड्रोन सर्वेक्षण, उपग्रह प्रतिमेवरून नवे बांधकाम शोधणे. मराठी जाहिरातीत हेच ‘संगणकीय प्रणाली विकसित करणे व पाच वर्षे देखभाल दुरुस्ती करणे’ अशा एका वाक्यात बुडालेले असते. देखभालीची निविदा सोडू नका. मूळ प्रणाली जुनी असते आणि नवी विश्लेषणाची सोय देखभालीच्या कामात घातलेली असते.

ई-निविदा संकेतस्थळांचे दोन त्रास. पहिला, पानाचा पत्ता त्या सत्रापुरताच असतो. दुसऱ्या दिवशी तोच दुवा उघडला की सत्र संपल्याचा निरोप. म्हणजे स्रोत म्हणून दुवा देऊन भागत नाही, फाइल उतरवून ठेवावी लागते. दुसरा, सूचनेची फाइल बहुतेक वेळा ‘टेंडरनोटीस_१’ याच नावाने उतरते. एकाच फोल्डरात उतरवत गेले की कोणती कुठली ते कळत नाही. उतरवल्या क्षणी निविदा आयडी (वर्ष, संस्थेचे लघुरूप, आकडा) फाइलच्या नावाआधी जोडायचा आणि एसएचए-२५६ ची खूण (फाइलीत काहीही बदलले की बदलणारा अंक-अक्षरांचा ठसा) वेगळ्या मजकूर फाइलीत लिहायची. शुद्धिपत्रके वेगळी उतरवावी लागतात, आणि अचूकतेची अट सैल झाली असेल तर ती बहुधा तिथेच सापडते. मूळ दस्तऐवजातल्या अटीवर विसंबून ओळ भरू नये.

निविदेत अट असणे म्हणजे करारात ती असणे नव्हे. निविदेवरून भरलेल्या ओळीला ‘निविदा’ आणि कार्यादेश किंवा करारावरून भरलेल्या ओळीला ‘करार’ अशी खूण. या दोन खुणा मिसळल्या की नोंदवही खोटी पाडायला एक ओळ पुरते.

२२ डिसेंबर २०२५

माहिती अधिकाराचे अर्ज. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. म्हणून एका प्रणालीला एक अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), दोन प्रती, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन परत. आवक क्रमांक लगेच वहीत. पुढचे सगळे त्या क्रमांकावर चालते.

‘आपले कार्यालय कृत्रिम बुद्धिमत्ता वापरते का, वापरत असल्यास कशी?’ असा अर्ज करू नये. जनमाहिती अधिकाऱ्याने अस्तित्वात असलेला कागद द्यायचा असतो. मत देणे, कारण सांगणे किंवा नवी माहिती तयार करणे त्याच्यावर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केले आहे. अशा प्रश्नाला ‘सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असे कायदेशीर आणि संपूर्ण निरुपयोगी उत्तर मिळते.

कागदाच्या नावाने मागावे:

‘निविदा क्र. … अन्वये दिलेल्या कामाचा कार्यादेश, करारनामा सर्व परिशिष्टांसह, स्वीकृती चाचणी अहवाल, शेवटच्या चार देयकांच्या प्रती व त्यासोबतचे सेवापातळी अहवाल, प्रणाली वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिलेली कार्यपद्धती. माहिती उपलब्ध असल्यास इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावी.’

स्वीकृती चाचणी म्हणजे प्रणाली ताब्यात घेतानाची चाचणी; सेवापातळी अहवाल म्हणजे सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली का याचा हिशेब. देयके मागण्याचे कारण सोपे आहे. करार कपाटात हरवतो, देयक हरवत नाही. लेखापरीक्षणाला ते लागते. आणि पैसे कशाबद्दल दिले जातात यावरून प्रणाली नेमके काय करते ते कळते. कॅमेरा चालू राहण्याचे पैसे, की पकडलेल्या नोंदीमागे पैसे, हा फरक देयकाच्या तक्त्यात सरळ दिसतो.

कार्यालय निवडणे हे स्वतंत्र काम आहे. सिग्नल, कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष यांचे कागद पुण्यात महापालिका, वाहतूक पोलीस आणि स्मार्ट सिटी कंपनी अशा तीन जागी विभागलेले असू शकतात. स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ ला संपले, पण त्या काळातले करार कंपनीच्या नावावर आहेत. चुकीच्या ठिकाणी अर्ज गेला तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे हस्तांतरित व्हायला हवा. त्या भरवशावर न राहता तिन्हीकडे स्वतंत्र अर्ज दिले. जादा खर्च २० रुपये.

५ जानेवारी २०२६

सोमवार. दुपारी ३ ते ५ नागरिकांना अर्ज न करता अभिलेख पाहता यावेत ही सोय पुणे महापालिकेत आधी सुरू झाली आणि २०१८ च्या शासन निर्णयाने राज्यभरातल्या जिल्हा कार्यालयांना व स्थानिक संस्थांना लागू झाली. तिचा उपयोग मोठा आहे, पण जाताना तयारी हवी. ‘एआयची फाइल दाखवा’ म्हटले तर कोणीही काही दाखवू शकणार नाही. नस्तीचा (कार्यालयीन फाइलीचा) विषय किंवा स्थायी समितीच्या ठरावाचा क्रमांक घेऊन जायचे.

नस्तीत आधी डावीकडची टिपणी (अधिकाऱ्यांचे शेरे) वाचायची, मग उजवीकडचा पत्रव्यवहार. प्रणाली का घ्यावी, किती मनुष्यबळ वाचेल, कोणी शंका काढली, हे टिपणीत असते आणि करारात कधीच नसते. पाने पेन्सिलने लिहून घ्यावीत आणि हव्या त्या पानांचीच प्रत मागावी, पानाला २ रुपये. सरसकट सगळी नस्ती मागितली की शुल्काचे पत्र येते, आणि ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचा काळ उत्तराच्या ३० दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत. पत्र टपालात अडकले तर दोन-तीन आठवडे सहज जातात. दिवस मोजताना हे लक्षात ठेवा, नाहीतर अपील मुदतीआधीच दाखल होते आणि परत येते.

या दिवसांत १५ जानेवारीच्या महापालिका निवडणुकीची धामधूम आहे, निम्मी टेबले रिकामी. माहिती अधिकाराची मुदत निवडणुकीने वाढत नाही हे खरे, तरी माणूसच जागेवर नसेल तर नस्ती कोण काढणार? ज्यांना सोय असेल त्यांनी असे काम निवडणुकीच्या हंगामात काढू नये.

२२ जानेवारी २०२६

अर्जांच्या उत्तराची मुदत संपली. उत्तरांचे प्रकार नेहमीचेच: काहींनी दिले, काहींनी शुल्क कळवले, एका कार्यालयाने करारनामा कलम ८(१)(घ) खाली, व्यापारी गुपित म्हणून, पूर्ण नाकारला. एकाकडून काहीच नाही.

नकारावरचे अपील कसे लिहिले ते देतो, कारण इथेच बहुतेक जण ‘माहिती लोकहिताची आहे’ एवढे लिहून थांबतात. आम्ही मागणी अरुंद केली. सोर्स कोड नको, नेटवर्कचा आराखडा नको, पासवर्ड किंवा सर्व्हरचे पत्ते नकोत. कलम १० प्रमाणे तेवढा भाग वगळून उरलेला करार द्यावा: कामाची व्याप्ती, दर, सेवापातळी, दंडाची कलमे, डेटाची मालकी, करार संपल्यावर डेटाचे काय. यातली कोणती बाब उघड झाल्याने पुरवठादाराच्या स्पर्धात्मक स्थानाला बाधा येते ते पानागणिक लिहून द्यावे. आणि कलम ८(२), लोकहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. २० रुपयांचा स्टॅम्प, जोडपत्र ब (अपिलाचा नमुना), ३० दिवसांच्या आत.

जिथून उत्तरच नाही तिथे अपिलात कलम ७(६) टाका. मुदत उलटल्यावर माहिती विनाशुल्क द्यावी लागते. मोठ्या करारांना पानांचा खर्च बराच होतो, तो वाचतो.

नवी गोष्ट: वैयक्तिक माहिती नाकारण्याचे कलम ८(१)(ञ) बदलले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मधली त्याबाबतची दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, आणि आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्यावरच नकार देता येतो. पूर्वीच्या अटी त्या कलमातून गेल्या. म्हणून अर्जात व्यक्तींची नावे येणारे काही मागू नका. चाचणी अहवालावर सही करणाऱ्याचे नाव नको, पदनाम पुरे.

२ फेब्रुवारी २०२६

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला: कागदांतून मजकूर काढणे.

कागद तीन जातीचे. पहिली, युनिकोडमधल्या (प्रमाण संगणकीय अक्षरांतल्या) पीडीएफ, सरळ काम. दुसरी, स्कॅन. तिसरी जात फसवी: पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, कॉपी केले की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. हा श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी सुरेख अशा जुन्या फॉन्टांचा मजकूर. ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा चालवून फॉन्टांची नावे आधी बघून घ्या. फॉन्ट बदलणारी साधने आहेत, पण एका पानात दोन जुने फॉन्ट आणि मध्ये खरे इंग्रजी आले की ती अर्धे शब्द मोडतात. अशा फाइलींना स्कॅन समजून ओसीआर (चित्रातून मजकूर ओळखून काढणे) करणेच स्वस्त पडले.

ओसीआरसाठी ओसीआरमायपीडीएफ हे साधन आणि त्याच्या आत अक्षरे वाचणारे टेसरॅक्ट, भाषा मराठी अधिक इंग्रजी. तिसऱ्या जातीच्या फाइलीवर हे साधन ‘पानात मजकूर आधीच आहे’ म्हणून थांबते. त्यावर ‘स्किप-टेक्स्ट’ हा पर्याय सुचतो. तो घेऊ नका. मग तोच चिवडा मजकूर म्हणून कायम राहतो आणि काम झाले असे वाटते. ‘फोर्स-ओसीआर’ द्यावे. सोबत ‘डेस्क्यू’ (तिरके पान सरळ करणे), कारण पंच केलेली नस्ती यंत्रावर कधी सरळ बसत नाही. स्कॅनला ३०० डीपीआय (इंचाला ठिपके) पुरते. गोल शिक्क्याखालची ओळ कशानेही येत नाही, ती हाताने टाइप करायची.

आता धोक्याची जागा. मराठी आणि इंग्रजी एकत्र वाचायला सांगितले की देवनागरी १ हा इंग्रजी नऊ म्हणून वाचला जातो. आकार तसाच आहे. म्हणजे १,२०,००० चे नऊ लाख वीस हजार होतात, आणि तो आकडाही पटण्यासारखा दिसतो म्हणून नजरेतून सुटतो. उपाय सरकारी कागदातच आहे: ‘अक्षरी रुपये … फक्त’. आकडी रक्कम आणि अक्षरी रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत काढल्या आणि जुळत नाहीत त्या ओळी हाताने तपासल्या. अक्षरी नसेल तिथे दोघांनी स्वतंत्रपणे आकडा टाइप करायचा, एकमेकांचा न बघता.

दुसरी जागा ऱ्य. ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘कऱ्हाड’ हे शब्द दोन तऱ्हांनी साठवलेले असतात: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यामागे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर फरक शून्य. सफाईच्या स्क्रिप्टने ‘अदृश्य अक्षरे काढा’ म्हटले की दुसऱ्या तऱ्हेतली जोडखूण जाते आणि ‘करणार्या’ उरते. आधी र-हलंत-जोडखूण या त्रिकुटाच्या जागी ऱ-हलंत घालायचे, मगच बाकीची अदृश्य अक्षरे काढायची. क्रम उलटला तर मूळ फाइलीपासून पुन्हा.

किरकोळ: पायथॉन या संगणकभाषेतले ‘इंट’ देवनागरी अंक मुकाट स्वीकारते, तक्ते हाताळणारे पांडाज मात्र त्या रकान्याला मजकूर समजते आणि बेरीज करताना आकडे एकापुढे एक चिकटवते. सगळे अंक आधी इंग्रजी करून घ्या. सीएसव्ही बीओएमसह (फाइलीच्या सुरुवातीच्या ओळखखुणेसह) यूटीएफ-८ मध्ये ठेवा, नाहीतर एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडणाऱ्याला मराठीच्या जागी कचरा दिसतो. आणि वापरणारे बहुतेक एक्सेलच उघडणार आहेत.

जागेचा रकाना: प्रभाग क्रमांक वापरू नका. प्रभागरचना निवडणुकीगणिक बदलते. पंधरा क्षेत्रीय कार्यालये धरली, त्यांना स्वतःचे कोड दिले. नावांवर जुळवणी करू नये. ‘घोले रोड-शिवाजीनगर’ आणि ‘शिवाजीनगर-घोले रोड’ दोन्ही कागदांत आहेत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली, त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वगळली गेली. त्यामुळे ‘संपूर्ण शहर’ असे लिहिलेल्या करारात कोणत्या तारखेचे शहर ते टीपेत लिहावे लागते.

१२ फेब्रुवारी २०२६

एक ओळ पूर्ण भरली ती सविस्तर देतो: रस्त्यावरचे कॅमेरे, वाहन क्रमांक वाचून दंडाची पावती.

या प्रकारात कायद्यानेच काही कागद असायला हवेत, म्हणून मागणे सोपे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये आलेला नियम १६७ अ: उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र हवे, ते दरवर्षी नवे करायचे, कॅमेरा असल्याचा फलक रस्त्यावर ठळक दिसायला हवा. तेव्हा अर्जात ‘अचूकता किती’ न विचारता ‘अमुक चौकातील उपकरणाचे नियम १६७ अ अन्वये मान्यता प्रमाणपत्र, चालू व मागील वर्षाचे’ असे मागितले. प्रमाणपत्र आहे, नाही किंवा मुदत संपलेली आहे, तिन्ही उत्तरांनी रकाना भरतो.

‘निर्णय कोणाचा’ हा रकाना कार्यपद्धतीच्या पुस्तिकेवरून भरला. पावती निघण्याआधी कर्मचारी छायाचित्र बघून मंजूर करतो, म्हणून ‘यंत्र सुचवते व माणूस मंजूर करतो’. त्या माणसाला एका छायाचित्रासाठी किती वेळ मिळतो हे पुस्तिकेत नाही. ते लिहिले: ‘कागद पाहिला, त्यात उल्लेख नाही’.

अचूकतेची अट वाचताना ‘९५ टक्के’ एवढ्यावर थांबू नका. कशाच्या ९५ टक्के? क्रमांकपट्टी दिसली त्यातल्या, की गाडी गेली त्यातल्या? दिवसा की रात्री, पावसात? अक्षरागणिक की पूर्ण क्रमांक? दहा अक्षरांच्या क्रमांकात प्रत्येक अक्षर ९९ टक्के बरोबर आले तरी पूर्ण क्रमांक बरोबर येण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपासच राहते. दिवसाला १०,००० गाड्या वाचल्या तर सुमारे हजार क्रमांक चुकीचे. अटीत ‘अक्षर अचूकता’ लिहिले आहे की ‘क्रमांक अचूकता’, यासाठी वेगळा उपरकाना केला.

आणि पुण्याच्या रस्त्यावर चाचणी म्हणजे फॅन्सी पट्ट्या आल्याच. नियमाप्रमाणे पट्टीवर इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी अंकच हवेत. पण ४१४१ चे ‘दादा’, २१४ चे ‘राम’ आणि ८०५५ चे ‘बॉस’ केलेल्या गाड्या कोणत्याही सिग्नलला दिसतात. अशी पट्टी यंत्राला ‘वाचता आली नाही’ असे सांगते की दुसऱ्याच कोणाचा क्रमांक वाचते, हा स्वीकृती चाचणीतला प्रश्न आहे. दुसऱ्या प्रकारात पावती भलत्याच्या मोबाइलवर जाते.

सेवापातळीच्या तक्त्यात यंत्रणा बंद पडली तर पुरवठादाराला तासागणिक दंड आहे. चुकीच्या वाचनाला दंड नाही. ओळीत फक्त पान क्रमांकासह ही नोंद; टीका नाही. टीका करायची ती नोंदवहीच्या बाहेर करावी.

‘दाद कुठे’ हा रकाना कोणी वगळू नये. तेलंगणात समग्र वेदिका या डेटा जोडणाऱ्या प्रणालीच्या आधारे शिधापत्रिका रद्द झाल्या, आणि प्रत्यक्ष फेरपडताळणी करा असे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. लोकांना अडले होते ते याच रकान्यात. केंद्राच्या नोव्हेंबर २०२५ च्या एआय मार्गदर्शक तत्त्वांत सात सूत्रे आहेत, वाचायला बरी आहेत. महापालिकेच्या खिडकीवर उभ्या माणसाने कोणता अर्ज कोणाकडे द्यायचा, ते त्यातून कळत नाही. ती तत्त्वे ऐच्छिक आहेत.

२३ फेब्रुवारी २०२६

झाकाझाक. टिपण्यांत तक्रारदारांची नावे, मोबाइल क्रमांक, मिळकत क्रमांक असतात. उत्तराच्या पहिल्या पानावर अर्जदाराचा घरचा पत्ता.

पीडीएफवर काळी पट्टी ओढणे म्हणजे झाकणे नव्हे. पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. पान चित्रात रूपांतरित करायचे, चित्रावर पट्टी, मग पुन्हा पीडीएफ आणि पुन्हा ओसीआर. झाल्यावर त्याच फाइलीत दहा आकडी क्रमांक शोधायची स्क्रिप्ट चालवायची, देवनागरी अंकांसाठीही. मोबाइलने काढलेल्या फोटोतून जागेची माहिती काढून टाका. मूळ आणि झाकलेली, दोन्ही फाइलींची खूण यादीत; झाकण्याआधीची मूळ फाइल प्रसिद्ध करायची नाही.

कॅमेऱ्यांच्या जागा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी केलेल्या खुल्या नकाशावरून घेतल्या तर त्या डेटाचा परवाना, तशाच अटीवर पुढे देण्याचा, आपल्या तक्त्यालाही लागू होऊ शकतो. म्हणून अक्षांश-रेखांश नाहीत. चौकाचे नाव, करारात आहे तसे.

९ मार्च २०२६

प्रसिद्धी. जागा झेनोडो, संशोधनाचा डेटा ठेवण्याचे संकेतस्थळ: फुकट, नोंदीला ५० जीबी, आणि डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो. नोंदीला १०० फाइलींची मर्यादा आहे, त्यामुळे कागद कार्यालयवार झिप केले. तिथे प्रसिद्ध केलेली फाइल नंतर सहसा बदलता येत नाही, नवी आवृत्ती काढावी लागते आणि जुनी दिसत राहते. झाकणे आधी पुरते करायचे ते एवढ्यासाठी. उद्धृत करणाऱ्यांना सर्व आवृत्त्यांचा मिळून असलेला डीओआय द्या. आवृत्तीचा दिला की लोक जुनीच ओळ फिरवत बसतात.

परवाना: आमचा तक्ता आणि रकान्यांची माहितीपुस्तिका सीसी-बाय ४.० (श्रेय देऊन कोणीही वापरावे). कागदांवर तो लावता येत नाही. माहिती अधिकारात प्रत मिळाली म्हणून कागदाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे येत नाही, आणि २०१७ चा शासकीय खुल्या डेटाचा परवाना शासनाने स्वतः खुल्या केलेल्या डेटापुरता आहे. कागदांच्या झिपमध्ये तसे स्पष्ट लिहिले.

माहितीपुस्तिका आधी मराठीत लिहिली, इंग्रजी नंतर. उलट केले तर रकान्यांची नावे भाषांतरित वाटतात आणि क्षेत्रीय कार्यालयात कोणी वाचत नाही.

२३ मार्च २०२६

दोन आठवड्यांत आलेल्या दुरुस्त्यांत सर्वात उपयोगी एका कार्यालयातून आली: कराराला मुदतवाढ मिळाली होती, पत्र जोडले होते. ओळ दुरुस्त, पत्र स्रोतात, जुनी नोंद ‘बदल’ या वेगळ्या फाइलीत तारखेसह. तोंडी सांगितलेली दुरुस्ती घेत नाही. कागद नसेल तर ‘दावा, कागद नाही’ अशी टीप.

व्यापारी गुपिताच्या प्रकरणात प्रथम अपिलाचा निर्णय आला. करार दिला, दरांचे परिशिष्ट वगळून. पण एकूण रक्कम स्थायी समितीच्या कार्यपत्रिकेत आधीच छापलेली आहे, त्यामुळे ‘रक्कम’ तिथून भरली, स्रोत म्हणून ठराव. घटकवार दर ‘नाकारले, ८(१)(घ)’. दुसरे अपील निर्णयापासून ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, पुन्हा २० रुपयांचा स्टॅम्प. अपिलात कार्यपत्रिकेचे पान जोडत आहोत.

बाकी: मिळकत सर्वेक्षणाच्या ओळीचा करार अजून शुल्काच्या पत्रावर अडकला आहे. चॅटबॉटच्या ओळीत ‘संभाषणे किती दिवस ठेवतात’ याला ‘मागितले नाही’ अशी खूण आहे; त्याचा अर्ज येत्या सोमवारी.